टिपणिसांच्या अंगणातली तार

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. सकाळी सव्वानऊला नलिनी टिपणिसांनी जयवंत धुरीच्या हातावर १४,८५० रुपये ठेवले. ११,३५० यंत्राचे आणि ३,५०० मजुरीचे.

“मोजून घ्या.”

“बाई, तुमच्या घरचे पैसे मी कधी मोजलेत काय?”

“मोजा म्हणते ना. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. न मोजता घेणारा माणूस मला खपत नाही.”

जयवंतने मोजले, शर्टाच्या आतल्या खिशात घातले आणि पायरीवर बसून खोका उघडला. खोक्यात एक पांढरी पेटी, पन्नास मीटर तारेचं भेंडोळं, कुत्र्याच्या गळ्यात घालायचा पट्टा आणि अकरा छोटी पांढरी निशाणं होती. एक पुस्तिकाही होती. ती त्याने न उघडताच खोक्याच्या झाकणात सरकवली.

मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या बैठ्या घराला तीन बाजूंनी पुरुषभर उंच भिंत आहे. चौथी, रस्त्याकडची, रुंदीकरणात गेली. नवी भिंत बांधायची तर आधी सरकारी मोजणी होऊन हद्द ठरायला हवी होती, आणि मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली होती. रस्ता मात्र तयार झाला. सोमवारी, दहा तारखेला, तो वाहतुकीला खुला होणार होता. तोवर तिथे फक्त कामाचे डंपर आणि पाण्याचे टँकर ये-जा करत होते, आणि त्यातल्याच एका डंपरने डिसेंबरात खारीचा मागचा पाय मोडला होता.

खारी म्हणजे टिपणिसांची कुत्री. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. अंगाने बारीक, जात गावठी, पण तिच्याविना त्या घराचं पान हलत नव्हतं. नलिनीबाईंचे यजमान चंद्रप्रकाश दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने पडले. उजवी बाजू गेली, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, काठ्या आल्या, भिंतीला धरायला नळी बसवली. त्यांनी काठीला हात लावला नाही. मग एका सकाळी खारी पायऱ्या उतरून बाहेर निघाली आणि तिला परत बोलवायला ते खुर्चीतून उठले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घराभोवती फेऱ्या. पुढे खारी, मागे काठी टेकत चंद्रप्रकाश. प्रत्येक कोपऱ्यावर ती थांबून मागे बघायची. पाय बरा झाल्यावर तिला दोरीने बांधून पाहिलं. ती जमिनीला पोट लावून पडून राहिली. दोन दिवस ती चालली नाही आणि चंद्रप्रकाशही चालले नाहीत.

मुलगा श्रेयस पुण्याला नोकरीला. त्याने सरळ सांगितलं होतं, “आई, सोमवारी रस्ता सुरू होतोय. ती गेली गाडीखाली, आणि बाबा तिच्यामागे गेले, तर मी काय करू? शहापूरला माझ्या मित्राचं शेत आहे, तिथे राहील मजेत. रविवारी चार वाजता तो जीप घेऊन येईल.”

“आणि तारेचं यंत्र चाललं तर?”

“चाललं तर ठेव. पण रविवारी चारच्या आत. आणि मी स्वतः बघणार.”

म्हणून जयवंतला निरोप गेला. दुसरं कोणाला बोलवायचं हे नलिनीबाईंच्या मनातही आलं नाही. त्यांच्या घरचा टेलिफोन तेवीस वर्षं जयवंतने सांभाळला होता.

जयवंत मूळचा कुडाळकडचा, जन्म भांडुपचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पोराला निक्षून सांगितलं होतं, सरकारी शिक्का असेल तिथेच चिकट. तो टेलिफोन खात्यात चिकटला. काम केबल जोडण्याचं. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, आठशे जोड्यांची जाड केबल उघडायची आणि केसासारख्या सोळाशे तारा रंगांच्या क्रमाने एकेक जोडायच्या. एकतीस वर्षं त्याने हे केलं. २०२०च्या जानेवारीत त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा तांब्याच्या तारेचे दिवस सरत आले होते. नंतर तो लोकांच्या घरी कॅमेरे आणि इंटरकॉम बसवू लागला. काचेच्या तंतूचं, म्हणजे फायबरचं कामही त्याने शिकून घेतलं, पण त्यात त्याचा जीव रमेना. म्हणून टिपणिसांचं काम आलं तेव्हा तो मनातून खूश झाला. हातात पुन्हा तांबं आलं होतं.

यंत्र साधं होतं. पेटीतून तार निघते, हद्दीवरून फिरते आणि पेटीत परत येते. पेटी तारेत एक संदेश सोडत राहते. पट्टा घातलेला कुत्रा तारेजवळ आला की पट्ट्याला तो संदेश मिळतो. आधी आवाज होतो, आणखी पुढे गेला तर पट्टा थरथरतो. त्यापुढे विजेचा झटका असतो, पण तो नलिनीबाईंनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावला. “तिला झटका द्यायचा असेल तर आधी मला देऊन दाखवा,” असं म्हणाल्या.

जयवंतने हिशेब मांडला. तीन बाजूंना भिंती उभ्या आहेत. कुत्री जाणार ती फक्त समोरून. मग तार समोरच्या सेहेचाळीस फुटांतच जायला-यायला टाकू, घरभर फिरवायची गरज काय? आणि एका चरातून दोन तारा न्यायच्या म्हटल्यावर त्याचे हात विचार न करता कामाला लागले. त्याने दोन तारांची टोकं ड्रिलच्या तोंडात अडकवली, दुसरी टोकं जांभळाच्या झाडाला बांधली आणि ड्रिल हळूहळू फिरवलं. दर इंचाला एक पीळ. कुठे सैल नाही, कुठे आवळलेला नाही. चार इंच खोल चर खणून त्याने ती वेणी मातीखाली निजवली, वर निशाणं रोवली आणि पेटी ओट्यावर ठोकली. बटण दाबताच हिरवा दिवा लागला. म्हणजे तार अखंड. पट्टा हातात घेऊन तो ओट्यावर पेटीपाशी गेला. पट्टा पिप् पिप् वाजला.

“झालं बाई.”

“इतक्यात?”

“एकतीस वर्षं काय गवत कापलं काय?”

शनिवारी दुपारी श्रेयस पुण्याहून आला. जयवंतने त्याला हिरवा दिवा दाखवला. साडेपाचला, चांगल्या उन्हात, खारीच्या गळ्यात पट्टा चढला आणि चंद्रप्रकाश फेरीला निघाले. ओट्याजवळून जाताना पट्टा वाजला, खारी दचकली आणि बाजूला झाली. “बघा, कळतंय तिला,” जयवंत म्हणाला. श्रेयस हाताची घडी घालून उभा होता.

रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता. त्याच्या चाकाशी एक मांजर धावली.

खारी निशाणांकडे सुटली. जयवंत पट्टा वाजण्याची वाट बघत राहिला. ती पाचव्या आणि सहाव्या निशाणाच्या मधून गेली. पट्टा वाजला नाही.

“खारी!” चंद्रप्रकाश ओरडले. गेल्या दोन वर्षांत त्यांचा इतका मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. काठी टाकून त्यांनी दोन पावलं टाकली, तिसरं पडलंच नाही. ते गुडघ्यावर कोसळले. श्रेयस त्यांच्याकडे धावला. जयवंत रस्त्याकडे धावला आणि टँकरच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारत सुटला.

“थांब रे! थांब, थांब, थांब!”

टँकर फुसकन थांबला. चालकाने मान बाहेर काढली. “क्या हुआ? आदमी है क्या नीचे?”

जयवंत वाकला. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर खारी बसली होती, कान पाडून. त्याने तिला पोटाखाली हात घालून उचललं. तिचं काळीज त्याच्या तळहाताला लागत होतं.

अंगणात श्रेयस वडिलांच्या गुडघ्यावरचं रक्त रुमालाने पुसत होता. त्याचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं.

“काका, हिरवा दिवा दाखवलात ना तुम्ही मला?”

“दिवा आत्ताही हिरवाच आहे.”

“मग?”

जयवंतने खारीला पायरीवर ठेवलं. “उद्या चारपर्यंत वेळ आहे ना? मी सकाळी येतो,” एवढंच तो म्हणाला.

रविवारी सहाला तो पायात चपला सरकवत होता, तेव्हा त्याची बायको वनमाला चहा घेऊन आली.

“आज आयतवार. बाजारात जावचा व्हता ना?”

“तू जा. माजा काम चुकला हा.”

“तुमचा? काम चुकला?” तिने कप तसाच हातात धरला. “लगीन झाल्यापासून पयल्यांदा आयकतंय.”

सातला तो टिपणिसांच्या अंगणात गुडघ्यावर बसला होता. त्याने चर उकरला, वेणी हातभर हातभर तपासली. मीटर लावला. तार कुठे तुटली नव्हती, कुठे सोललेली नव्हती. पेटी काढून पुन्हा लावली, पट्ट्याची बॅटरी बदलली. पेटीपाशी पट्टा वाजे. वेणी जिथे सुरू होई तिथे गप्प होई. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. आत श्रेयस फोनवर मित्राशी बोलत होता, “हो, चारला ये. पिंजरा आण सोबत.” खिडकीशी चंद्रप्रकाश बसले होते, गुडघ्याला पट्टी. खारी त्यांच्या पायाशी. ते बाहेर बघत होते आणि जयवंत त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

अकराला नलिनीबाई चहा घेऊन आल्या आणि वेताच्या मोड्यावर बसल्या.

“सापडलं?”

“नाही. तार निर्दोष आहे बाई. असला पीळ आता मुंबईत कोणी घालून दाखवावा.”

त्यांनी उकरलेल्या वेणीकडे बघितलं. “सुंदर आहे खरी. पण पीळ कशासाठी घालायचा?”

असा प्रश्न त्याला खात्यात नव्याने आलेला प्रत्येक जण विचारायचा, आणि उत्तर त्याच्या जिभेवर असायचं. “एका केबलीत आठशे जोड्या असतात ना, म्हणजे आठशे माणसं शेजारी शेजारी बोलतात. जोडीला पीळ घातला की तिच्यातलं बोलणं तिच्यातच राहतं. जाणारी तार आणि येणारी तार एकमेकींचं बाहेर पडणारं सगळं मारून टाकतात. शेजारच्या जोडीला काही ऐकू जात नाही.”

नलिनीबाईंनी वेणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मग खारीला कसं ऐकू जायचं?”

जयवंतने कप खाली ठेवला.  तो उठला, खोक्याच्या झाकणातून पुस्तिका काढली आणि पहिल्यांदा उघडली. तिसऱ्याच पानावर चित्र होतं. दोन तारा एकत्र पिळलेल्या, आणि त्यांच्यावर मोठी फुली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की पेटीपासून हद्दीपर्यंत, म्हणजे जिथे संदेश बाहेर पडायला नको तिथेच, तारा पिळाव्यात. हद्दीवर तार एकटीच हवी. म्हणजे परतीची तार मागून, घराला वळसा घालून आणायला हवी होती.

“बाई, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “यंत्राची नाही, तारेची नाही. मी हे पान उघडलंच नाही.”

“शिक्षा नंतर करू,” नलिनीबाई म्हणाल्या. “आता किती तार लागेल ते सांगा.”

समोरचे सेहेचाळीस, मागचे सेहेचाळीस, बाजूचे साठ आणि साठ. दोनशे बारा फूट. जोडासाठी थोडी सोडली तर सत्तर मीटर. पिळलेली तार सोडवत बसायला वेळ नव्हता, सगळी नवीच हवी होती. रतनचं हार्डवेअरचं दुकान रविवारी एकपर्यंत उघडं असायचं. जयवंत बारा वाजून दहा मिनिटांनी तिथे पोचला.

“सत्तर मीटर एकेरी. अकराच्या भावाची.”

“सातशे सत्तर,” रतन तार मोजत म्हणाला. जयवंतने खिसे चाचपले. मजुरी शुक्रवारीच घरी दिली होती. निघाले चारशे दहा. रतनने फोनवरून पैसे पाठवायचा क्यूआर कोड असलेला कागद पुढे केला.

“माझ्या फोनवर ते चालत नाही.”

“दाखव.” रतनने बटणांचा फोन बघितला आणि हसला. “धुरी, अख्खी जिंदगी टेलिफोनात काढलीस आणि हे डबडं घेऊन फिरतोस? राहू दे. चारशे दे, बाकीचे नंतर दे. एवढा घामाघूम का झालायस? कोणाचा जीव चाललाय काय?”

“चारला समजेल,” असं म्हणून तो निघाला.

परत आल्यावर तो लगेच कामाला लागला. पेटी ओट्यावरून काढून भिंतीच्या कोपऱ्यात नेली, म्हणजे मध्ये वेगळी तार ओढायला नको. तिन्ही भिंतींच्या पायथ्याला हातभर अंतरावर खिळे मारत तार नेली. मागच्या भिंतीला जुन्या कौलांचा ढीग होता. तो हलवताना त्याचं बोट कापलं, त्याने ते तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. अडीचला मागची बाजू झाली. सव्वातीनला तो समोरच्या चरात नवी एकटी तार निजवत होता, तेव्हा दारात जीप थांबली. श्रेयसचा शहापूरचा मित्र लवकर आला होता. त्याने पिंजरा उतरवून अंगणात ठेवला आणि त्यावर टेकला.

“सावकाश होऊ द्या,” तो चांगुलपणाने म्हणाला. जयवंतला ते टोचलं.

तीन पस्तीसला त्याने पेटीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि पेटी कर्कश वाजू लागली.

श्रेयस ओट्यावरून उतरला. “काका, पुरे आता.”

“पंचवीस मिनिटं आहेत.”

“बाबांचा जीव वरखाली होतोय आत. त्यांना उगाच आशा...”

“श्रेयस,” नलिनीबाई म्हणाल्या, “चार म्हणजे चार.”

लाल दिवा म्हणजे तार कुठेतरी तुटली. दोनशे बारा फुटांत कुठे? जयवंत डोळे मिटून उभा राहिला. सगळीकडे तार सलग होती. एकाच ठिकाणी तिला ओढ बसली होती, कौलांच्या ढिगाशी. तो मागे धावला. कौलाच्या कडेने तार चिरली होती, तांबं एका धाग्यावर लोंबत होतं. पक्कड समोर राहिली होती. त्याने दातांनी दोन्ही टोकं सोलली, एकमेकांवर आडवी ठेवली आणि कापलेल्या बोटानेच मुरगळली. अंधाऱ्या खड्ड्यांत हजारो वेळा केलेला जोड होता तो. वर चिकटपट्टी गुंडाळून तो कोपऱ्यावर आला. पेटी गप्प होती. दिवा हिरवा होता.

या वेळी त्याने दिव्याकडे बोट दाखवलं नाही. पट्टा श्रेयसच्या हातात दिला.

“तुम्ही चाला. अकराही निशाणांवरून. मी इथेच उभा राहतो.”

श्रेयस पट्टा गुडघ्याइतका खाली धरून निघाला. पहिल्या निशाणाशी पिप् पिप्. पुढे गेला, पट्टा त्याच्या मुठीत थरथरला. दुसऱ्याशी तेच, तिसऱ्याशी तेच. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये, जिथून खारी गेली होती, तिथे तो तीनदा मागेपुढे झाला. तिन्ही वेळा वाजला. अकरावं निशाण झालं तेव्हा चारला नऊ मिनिटं कमी होती.

“आता तिला,” श्रेयस म्हणाला. तो स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि शहापूरच्या माणसाला त्याने पलीकडे उभं केलं. खारीच्या गळ्यात पट्टा चढला. चंद्रप्रकाश पायऱ्या उतरले, एक हात नलिनीबाईंच्या खांद्यावर.

“चल,” ते खारीला म्हणाले.

ती त्यांच्या पुढे चालू लागली. घराला वळसा घालून समोर आली आणि निशाणांकडे वळली. पट्टा वाजला. तिने मान तिरकी केली, एक पाय पुढे टाकला. पट्टा थरथरला. ती मागे उडी मारून बसली आणि त्या पांढऱ्या कापडाकडे बघू लागली. मग उठली, चौथ्या निशाणाकडे गेली. वाजला. मागे आली. नवव्याकडे गेली, नाक जमिनीला लावून. वाजला. तिथून तिने मागे बघितलं. चंद्रप्रकाश काठीवर भार देऊन उभे होते, पुढे एक पाऊलही न टाकता.

“ये,” ते म्हणाले. ती आली.

“हुशार आहे हो,” शहापूरचा माणूस रस्त्यावरून म्हणाला.

श्रेयसने घड्याळात बघितलं, मग वडिलांकडे. “तू चहा घेऊन जा,” तो मित्राला म्हणाला. “पिंजरा ने. आई, पंधरा दिवस हिला एकटं अंगणात सोडायचं नाही. सवय होईपर्यंत कोणीतरी जवळ बसायचं.”

“मी बसणारच होते,” नलिनीबाई म्हणाल्या. मग पर्स घेऊन जयवंतकडे वळल्या. “तारेचे किती?”

“तारेचे काही नाही.”

“जयवंतराव, किती?”

“बाई, चुकलेलं गणित पोराने पुन्हा सोडवलं तर तुम्ही त्याला दोनदा मार्क दिलेत काय कधी?”

त्यांनी पर्स मिटली.

सोमवारी सकाळी दहाला रस्ता खुला झाला. जयवंतला तिथे काम नव्हतं, तरी तो पावणेदहाला फाटकाच्या जागी येऊन उभा राहिला. पहिल्यांदा दोन रिक्षा गेल्या, मग शाळेची बस, मग काँक्रीटचा फिरता मिक्सर. मिक्सर बघून खारी भुंकत धावली. सातव्या निशाणाशी पट्टा वाजला, ती जागीच थांबली, मिक्सर दिसेनासा होईपर्यंत आतूनच भुंकली आणि परत फिरली. कोपऱ्यावर चंद्रप्रकाश तिची वाट बघत उभे होते. त्यांचा गुडघा अजून सुजलेला होता, म्हणून त्या दिवशी एकच फेरी झाली.

पिळलेली वेणी जयवंतने गुंडाळून घरी नेली. रतनचे ३७० रुपये तो अजून देणं लागतो.